कळलावी वईवर राहू दे, मुळी पोटात नको

पत्र: वैद्य मावशी, मी पहिलटकरीण आहे. आठवा लागलाय. बाळंतपणाला संगमेश्वर तालुक्यातल्या माहेरी आलेय, तारीख दसऱ्याच्या आसपासची दिलीय. आमच्या वईवर, म्हणजे कुंपणावर, कळलावीची वेल आहे, आत्ता फुलांनी नुसती पेटलीय. आजीने तिची जुनी मुळी लाल फडक्यात बांधून दाराच्या चौकटीवर ठेवलीय. म्हणते, कळा सुरू झाल्या की कमरेला बांधायची आणि वार (प्लासेंटा) अडली तर उगाळून बेंबीखाली लावायची. शेजारच्या काकी म्हणाल्या, लावून काय होतंय, चिमूटभर मधातून चाटव. मी हे फोनवर नवऱ्याला सांगितलं तर तो भडकला. असला अडाणीपणा नको, ती वेल विषारी आहे, उपटून टाका म्हणाला. आजीने ते ऐकलं. तेव्हापासून ती माझ्याशी धड बोलत नाही, जेवणही कमी केलंय. तिची थोरली बहीण वार न पडल्यामुळे गेली होती म्हणे. घरात भावाचा चार वर्षांचा मुलगा आहे, दिवसभर अंगणात असतो. यातलं खरं काय मानायचं? वेल काढायची का? आणि आजीला काय सांगू?

उत्तर:

बाळा, आधी तातडीचं सांगते, बाकीचं सावकाश वाच.

कळलावीची मुळी तोंडावाटे घ्यायची नाही. चिमूटभर नाही, मधातून नाही, नुसती जिभेला लावूनही नाही. आत्ता नाही, कळा सुरू झाल्यावर नाही आणि पुढे बाळाला पाजत असतानाही नाही. शेजारच्या काकी तुझ्या भल्यासाठीच बोलल्या असतील, पण त्यांनी सांगितलं ते तुझ्या आजीने सांगितलेलंच नाही. तुझं पत्र मी दोनदा वाचलं ते हे पडताळायला. आजी बांध म्हणते, लाव म्हणते. खा म्हणत नाही. हा फरक नवऱ्याच्या कानावर घाल, कारण त्याने दोघींनाही एकाच मापाने मोजलंय.

लेपही नको. त्याचं कारण पुढे येईल. राहिलं कमरेला बांधणं. त्याने आजीच्या जिवाला आधार वाटत असेल तर बांधू दे, मात्र फडक्यासकट आणि कपड्यावरून. उघडी मुळी घामेजल्या अंगाला घासली तर कातडीची आग होते, पुरळ उठतं. दवाखान्यात पोचलात की सोडायची, आईच्या पिशवीत ठेवायची आणि नर्सबाईंना सरळ सांगायचं की अशी मुळी बांधली होती, पोटात काही घेतलेलं नाही. लपवू नका. आत काय गेलंय हे माहीत नसलेली बाई समोर आली की डॉक्टरांचा निम्मा वेळ अंदाज बांधण्यात जातो, आणि त्या वेळी तेवढा वेळ हाताशी नसतो.

आता तुझ्या पत्रातली ती ओळ. आजीची थोरली बहीण वार न पडल्यामुळे गेली, हे तू वेलीच्या नि भांडणाच्या मधे लिहून पुढे गेलीस. मला वाटतं, तुमच्या घरात या महिन्यात जे काही चाललंय ते सगळं त्या ओळीत आहे. तुझी आजी त्या वेळी केवढी असेल? दहा-बारा वर्षांची? मूल झालं, रडलं, घरात साखर वाटायची तयारी झाली आणि मग आतल्या खोलीतून बाई गेल्याचं कळलं. ज्या पोरीने हे पाहिलंय तिला बाळंतपण म्हटलं की बाळ होईपर्यंतची भीती वाटत नाही. तिची भीती बाळ झाल्यानंतर सुरू होते. म्हणून ती वारेचं बोलते. चौकटीवरची पुरचुंडी म्हणजे तिने त्या भीतीवर केलेला उपाय आहे, आणि नातीच्या नवऱ्याने त्याला अडाणीपणा म्हटलं. जेवण कमी होणारच.

माझी आजी लांज्याकडच्या एका वाडीत सुईणपण करायची. मी नऊ-दहा वर्षांची असताना एकदा तिच्यामागे गेले होते. मला पडवीत बसवलं होतं, पण मधलं दार पुरतं लागत नव्हतं. मूल रडल्याचं ऐकू आलं होतं, वार पडत नव्हती. आजीने कनवटीची पुरचुंडी सोडली. सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाकले आणि चंदन उगाळतात तशी ती मुळी उगाळली. पांढुरकं गंध निघालं. ते तिने त्या बाईच्या ओटीपोटावर आणि तळपायांना लावलं. पण लावायच्या आधीच तिने दुसऱ्या एका बाईला पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभं केलं होतं. वार पडली तशी, बाळाकडे बघायच्याही आधी, आजीने ओलं फडकं घेतलं आणि ते गंध खसाखसा पुसून काढलं. मग दोनदा धुतलं. मग सहाण धुतली, ते पाणी लांब परसात खड्डा करून ओतलं आणि आपले हात राखेने कोपरापर्यंत घासले. घरी येताना मी विचारलं, एवढं धुवायचं कशाला? म्हणाली, "ती आपली आपण थांबत नाही. थांबवायला लागते."

पुढे मी आयुर्वेद शिकायला गेले आणि कळलावी मला ग्रंथांत भेटली. तिथे तिचं नाव लांगली. लांगल म्हणजे नांगर. तिचा कंद जमिनीत इंग्रजी व्ही या अक्षरासारखा दुफाटा असतो, नांगराच्या फाळासारखा, त्यावरून. अग्निशिखा हे नाव फुलावरून आणि गर्भपातिनी हे नाव तिच्या कामावरून. आपलं कळलावी हे नावही तसंच, कळा लावणारी. घरात भांडणं लावते म्हणून ही वेल दारात नको, असं लोक म्हणतात ते त्या नावाचा दुसरा अर्थ धरून. तुमच्याकडे आजी रुसली त्यात वेलीचा काही दोष नाही.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात वार अडकली तर लांगलीच्या मुळीचा कल्क, म्हणजे वाटलेला लगदा, तळहातांना आणि तळपायांना लावायला सांगितलाय. माझ्या आजीला संस्कृतचं अक्षर येत नव्हतं, पण तिचा हातही तळपायांकडे जात होता. आयुर्वेदातल्या रसशास्त्राने हिला उपविषांत बसवलंय, म्हणजे रुई, धोतरा, कण्हेर, गुंज, अफू यांच्या पंगतीत. औषधात घ्यायची झालीच तर आधी गोमूत्रात भिजवून शोधन, म्हणजे शुद्धी, करायचं आणि मगच पुढचं. आजच्या कायद्यातही, 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालच्या नियमांत, आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची एक यादी आहे आणि लांगली तिच्यात आहे. तिचं पोटात घ्यायचं औषध वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावं, अशी सूचना त्यावर छापावी लागते. म्हणजे बघ, जुन्या ग्रंथांपासून सुईणीच्या तांब्यापर्यंत आणि तिथून कायद्यापर्यंत सगळ्यांनी एकच धरलंय: ही वस्तू कामाची आहे आणि हिला मोकळी सोडायची नाही.

मधल्या काळात काय झालं, तर "कामाची आहे" एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. सुईणी गेल्या, तांब्या गेला, धुणं गेलं. राहिलं ते "चिमूटभर चाटव". याचा मला मनापासून राग येतो. परंपरेच्या नावाखाली परंपरेतली सगळ्यात मोलाची गोष्टच आपण टाकून दिली.

हिच्यात असतं काय, तेही ऐक. कोल्चिसिन नावाचं द्रव्य हिच्या सगळ्या अंगात असतं, कंदात आणि बियांत जास्त. तेच द्रव्य गाऊटवर, म्हणजे अंगठ्याचा सांधा लालभडक होऊन सुजतो त्या दुखण्यावर, गोळीतून देतात. ती गोळी असते अर्ध्या मिलिग्रॅमची. अर्धा मिलिग्रॅम म्हणजे मिठाच्या चार-पाच कणांएवढं, आणि तेसुद्धा डॉक्टर मूत्रपिंडं कशी आहेत ते बघून देतात. तुझ्या चौकटीवरच्या मुळीत ते किती आहे हे जमिनीवर, हंगामावर, कंदाच्या वयावर ठरतं. चिमटीने ते मोजता येत नाही.

आपल्या अंगातली पेशी एकीच्या दोन होताना आत बारीक दोऱ्यांची जुळणी होते आणि त्या दोऱ्या सगळा ऐवज दोन्हीकडे सारखा वाटून देतात. कोल्चिसिन ती जुळणीच होऊ देत नाही. म्हणून ज्या पेशी सारख्या नव्याने होत असतात त्यांच्यावर पहिला घाव पडतो: आतड्याचं अस्तर, हाडांमधली रक्त बनवणारी मज्जा, केसांची मुळं. विषबाधेची लक्षणंही त्याच क्रमाने दिसतात. खाल्ल्यावर पहिले काही तास फारसं काही होत नाही, आणि इथेच माणसं फसतात. मग उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब. घरचे म्हणतात, काहीतरी बाधलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मूत्रपिंडं, हृदय, रक्त एकेक करून ढासळायला लागतं. यातून जी वाचतात त्यांचे केस पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत झडतात. यावर सहज मिळणारा उतारा नाही. आणि कोल्चिसिन वार ओलांडून बाळापर्यंतही पोचतं.

कोणी चुकून खाल्लंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढत बसायचं नाही आणि त्रास होतोय का याची वाट बघायची नाही. 108 ला फोन करायचा आणि जे खाल्लं त्याचा तुकडा बरोबर न्यायचा.

लेप का नको म्हणते ते आता सांगते. हिच्या मुळीच्या अर्काने गर्भाशयाचं आकुंचन वाढतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. तेव्हा सुईणींचं निरीक्षण अगदीच हवेत नव्हतं. पण त्यात एक भाग हाही असणार की बहुतेक बायांची वार अर्ध्या तासात आपली आपण पडते, मुळी लावली तरी आणि नाही लावली तरी. जिची वार आत घट्ट चिकटलेली असते तिचं लेपाने काहीच होत नाही आणि रक्त मात्र जात राहतं. तुझ्या आजीच्या बहिणीलाही त्या रात्री कोणी ना कोणी मुळी उगाळून लावली असेलच. हे तिला बोलून दाखवू नकोस. तिला ते आतून माहीत असणार.

कळा चालू असताना, गर्भाशयाचं तोंड पुरतं उघडायच्या आधी ते जबरदस्तीने आवळलं तर बाळाचा प्राणवायू कमी पडतो, गर्भाशय फाटूही शकतं. दवाखान्यातही कळा वाढवायला ऑक्सिटोसिन देतात, पण सलाईनमधून, थेंब मोजत, बाळाचे ठोके ऐकत. जास्त झालं असं वाटलं की नळी बंद करतात आणि काही मिनिटांत जोर उतरतो. माझ्या आजीचा पाण्याचा तांब्या म्हणजे तिची ती बंद करायची चावी होती. तिच्याकडे तेवढीच होती. तुझ्याकडे याहून चांगली आहे, ती वापर.

बाळ बाहेर आलं की मिनिटभरात तुझ्या मांडीत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतील, 10 युनिटचं. ते वार सुटायला मदत करतं आणि मुख्य म्हणजे नंतरचा रक्तस्राव आटोक्यात ठेवतं. मग एक हात ओटीपोटावर ठेवून दुसऱ्या हाताने नाळ अगदी बेताने ओढून वार काढतात. ती पुरी आली का, तुकडा आत राहिला का, हे पसरून बघतात. अर्ध्या तासात आलीच नाही तर भूल देऊन हाताने काढतात, रक्त लागलं तर चढवतात.

हे तुझ्यासाठी म्हणून लिहिलेलं नाही. हे आजीला सांगायचंय. तिला कोणी आजवर सांगितलेलं नाही की वार अडली तर तिथे काय करतात. तिच्या लेखी दवाखाना म्हणजे बाळ काढून घेतात आणि बाई खाटेवर टाकून निघून जातात. पुढच्या तपासणीला तिला बरोबर ने. लांब आहे, गाडी लागते, गुडघे दुखतात, हे सगळं खरं, तरी ने. तिथल्या सिस्टरांना सांग की माझ्या आजीला वारेबद्दल विचारायचंय. तिला स्वतःच्या तोंडाने विचारू दे: "वार नाही पडली तर तुम्ही काय करता?" सिस्टर जे सांगतील ते ती तुझ्यापेक्षा नीट ऐकेल. मी हे माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांत करून पाहिलंय. म्हातारी बाई एकदा हा प्रश्न विचारून बसली की परतताना गप्प असते, आणि दुसऱ्या दिवशी पिशवी भरायला स्वतः घेते.

सरकारी दवाखान्यात बाळंत होताना घरच्या एका बाईला सोबत राहू द्यायचं धोरण 2016 पासून आहे. आई थकलेली असेल किंवा घाबरट असेल तर आजीचं नाव सांग. बाळंतपणं बघितलेली बाई आहे ती, तुझा हात धरून बसायला तिच्यासारखी दुसरी नाही. कमरेचं मर्दन तिच्याकडून करून घे, खोबरेल तेलाने, हलक्या हाताने. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतविडा हे सगळं तिचंच राज्य आहे. शेक-शेगडीचा धूर मात्र कोंडलेल्या खोलीत नको, बाळाच्या छातीला तो सोसत नाही. तेवढं गोडीने सांग.

नवऱ्याला मी काय सांगू? विषाबद्दल तो बरोबर बोलला, आणि बायकोच्या नि बाळाच्या काळजीने बोलला. पण आजीने ऐकलंय, तेव्हा दुरुस्ती त्यालाच करावी लागेल. माफीचं भाषण नको. फोन करून एवढंच म्हणू दे, "आजी, ती मुळी कशी वापरायची ते मला आल्यावर सांगाल का?" आणि आल्यावर खरंच ऐकू दे. कुठे उगवते, कधी उकरायची, किती उगाळायची, कधी धुवायची. जमलं तर तू लिहून घे. वापरायला नव्हे. आजीच्या हातातली सावधगिरी तिच्याबरोबर जाऊ नये म्हणून.

संगमेश्वरची वाट, घाट, ओढे, परतीचा पाऊस, हे तुला मी सांगायला नको. दसऱ्याच्या सुमारास दुपारनंतर आभाळ कधी फाटेल याचा भरवसा नसतो. तालुक्याच्या गावी कोणी नातेवाईक असेल तर तारखेच्या आठवडाभर आधी तिथे जाऊन राहा. रक्तगट कागदावर लिहून पिशवीत ठेव आणि त्या गटाची दोन माणसं आत्ताच बोलून ठेव. अंगावर लाल जायला लागलं, पाणी गेलं आणि ते हिरवट दिसलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, यातलं काहीही झालं तर कळांची वाट न बघता निघायचं. 102 आणि 108 दोन्ही नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिही, आजीलाही वाचता येतील असे.

वेलीचं आता. उपटू नका. उपटायला गेलात तर कंदाचा एक फाटा जमिनीत राहतो आणि मृगात पुन्हा वर येतो, आणि तोवर तुम्ही गाफील झालेले असता. शिवाय औषधवाले मुळ्या उकरून नेतात त्यामुळे बऱ्याच रानांत ही विरळ झालीय. तमिळनाडूने हेच फूल आपलं राज्यपुष्प मानलंय. तिथे शेतकरी बियांसाठी हिची लागवड करतात, कारण औषध कंपन्यांना कोल्चिसिन त्या बियांतून मिळतं. तुमच्या वईवर आहे ती असू दे. फक्त अंगणाच्या बाजूला आलेल्या फांद्या वळवून बाहेरच्या बाजूला टाका, म्हणजे मुलाच्या हाताला लागणार नाहीत. हे काम तुझ्या भावाचं. नंतर हात साबणाने धुवायचे आणि तोवर डोळ्यांना लावायचे नाहीत.

त्या चार वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन एकदा वेलीसमोर उभी राहा. कळी कशी हिरवी, खाली मान घालून असते ते दाखव. मग पाकळ्या उलट्या वर वळतात, खालून पिवळ्या, टोकाला तांबड्या, कडा चुरमडलेल्या. दिवस जातील तसं सगळं फूल लाल होतं. पानाचं टोक तंतूसारखं लांब होऊन काडीला वेटोळं घालतं, तेही दाखव. बघायचं, बोट लावायचं नाही, तोंडात तर नाहीच, हे त्याला कळतं. "घाण आहे, जाऊ नको" म्हटलेली वस्तू पोरं मुद्दाम चाखतात. नाव आणि गोष्ट सांगितलेली वस्तू लांबून बघतात.

मोठ्यांना जास्त जपायला हवं ते दिवाळीनंतर. तेव्हा वेल वाळून जाते, पान-फूल काही राहत नाही आणि कंद जमिनीत तसाच असतो. त्याच दिवसांत आपल्याकडे कणगी, हा खायचा कंद, उकरतात. वेल हिरवी असताना कणगीचं पान बदामासारखं आणि हिचं लांबट, टोकाला वळलेलं, त्यामुळे घोळ होत नाही. वेल वाळल्यावर मात्र कोणी वईच्या कडेला कुदळ मारली तर हिचा अंगठ्याएवढा जाड, गुळगुळीत, मधेच काटकोनात वळलेला कंद वर येतो आणि टोपलीत जातो. म्हणून त्या जागी आत्ताच एक खुंटी ठोका, वर पांढरा रंग लावा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा की तिथलं काही खायचं नाही. आणि काही गावांत हिलाच बचनाग म्हणतात. खरा बचनाग हिमालयातला, त्याचं विष वेगळं. आठवडा बाजारात जडीबुटीवाल्याकडून यातल्या कुठल्याच नावाची मुळी घेऊ नका.

काकी पुढे म्हणतीलच की विंचू चावल्यावर ही मुळी लावतात. विंचवावरचा उपाय आपल्याच कोकणात शोधला गेलाय. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनच्या गोळीने कितीतरी पोरं वाचवली. विंचू असो की फुरसं, दवाखाना गाठायचा.

गौरी येताहेत. या फुलांना कोकणात गौरीचे हात म्हणतात, आणि तुझी आजी ती आणणार हे मी धरून चालते. आणू दे. तोडल्यावर तिने हात धुवायचे, फुलं मुलाच्या हाताला लागणार नाहीत एवढ्या उंचीवर मांडायची आणि विसर्जनानंतर निर्माल्य अंगणात न टाकता पुरायचं. तू तोडू नकोस, पण मांडायला तिच्या शेजारी बस. बोलणं तिथे आपोआप सुरू होईल, मुद्दाम विषय काढावा लागणार नाही.

आणि भावाला आणखी एक काम आत्ताच नेमून दे. फुलं गळल्यावर हिला हिरवी लांबट फळं धरतील. आश्विनात ती पिवळी पडून तीन फाकांत उकलतात आणि आत नारिंगी-लाल, मण्यांसारख्या बिया दिसतात. चार वर्षांच्या मुलाला त्या गोळ्यांसारख्या वाटतील. उकलायच्या आधी सगळी फळं खुडून, मोजून, खोल खड्ड्यात पुरायला सांग. तू तेव्हा दवाखान्यात असशील आणि घरात सगळ्यांचं लक्ष तुझ्याकडे असेल.